एका डोहाचा मासा



मासा हा व्याख्यानाचा विषय म्हटला की श्रोत्यांत दोन तट पडतात. एकाच्या तोंडाला पाणी सुटते, तर दुसरा नाकाला पदर लावतो. आज मी दोन्ही पक्षांची निराशा करणार आहे. ज्या माशाविषयी मला बोलायचे आहे तो ताटात वाढण्याजोगा नाही. त्याची लांबी जेमतेम एक इंच, म्हणजे आपल्या बोटाच्या पेराएवढी. पृथ्वीवरचे सारे समुद्र, नद्या आणि तळी धुंडाळली तरी तो निसर्गतः एकाच ठिकाणी सापडतो. ते ठिकाण म्हणजे सुमारे सत्तर फूट लांब आणि दहाबारा फूट रुंद अशी पाण्याने भरलेली खडकातली एक भेग. आणि एवढ्याशा माशासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश बसले आणि एका धनाढ्य शेतमालकाच्या पंपांना त्यांनी मर्यादा घालून दिली. हे प्रकरण काय होते, आणि निकाल माशाच्या बाजूने लागूनही तो अजून संकटाबाहेर का नाही, हे आज सांगण्याचा विचार आहे.

प्रथम जागा समजून घेऊ. अमेरिकेच्या पश्चिम भागात नेवाडा नावाचे संस्थान आहे. ते बहुतेक वाळवंटच. लास व्हेगास या जुगाराच्या शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर ॲश मेडोज नावाचा प्रदेश लागतो. जवळच प्रसिद्ध डेथ व्हॅली आहे, मृत्यूची दरी. तिचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे 86 मीटर खाली आहे. अशा रखरखीत मुलखात ॲश मेडोजमध्ये मात्र जागोजाग झरे आहेत. दूरच्या डोंगरांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेले पाऊस आणि बर्फ चुनखडकाच्या भेगांतून झिरपत झिरपत इथे वर येते. त्या झऱ्यांच्या वरच्या अंगाला एका टेकडीच्या कुशीत एक विवर आहे. त्याला डेव्हिल्स होल म्हणतात, म्हणजे सैतानाचे विवर. हा सैतान फार खोल राहतो. पाणबुडे चारशे फुटांहून खाली गेले, तरी तळ दिसला नाही. 1965 साली दोन तरुण हौसेने त्यात उतरले, त्यांचे देहदेखील हाती लागले नाहीत.

या विवराच्या पाण्याचे तापमान बाराही महिने 33-34 अंश सेल्सिअस असते. आपल्याला स्नानाला ते सुखाचे वाटेल, पण माशाला जन्मभर त्यात राहायचे म्हणजे कठीण. पाणी जितके ऊन तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. इथे तो इतका कमी असतो की पुष्कळ जातींचे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतील. आणखी एक अडचण अशी की विवर खोलगट असल्यामुळे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्याचे किरण पाण्यावर थेट पडतच नाहीत. सूर्य नाही म्हणजे शेवाळ नाही, आणि शेवाळ नाही म्हणजे माशाला खायला नाही. त्या दिवसांत डोहाला काही खतपाणी मिळते ते विवराच्या कपारीत बसणाऱ्या गव्हाणी घुबडांकडून. त्यांची विष्ठा आणि त्यांनी ओकून टाकलेले केसाहाडांचे गोळे पाण्यात पडतात आणि त्यांवर डोहातील सूक्ष्म जीव पोसले जातात. घुबडाला आपण अशुभ म्हणतो; या माशाचे मत निराळे असावे.

आता मासा. 1930 साली जोसेफ वेल्स नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि सैतानाच्याच नावावरून त्याच्या जातीला डायाबोलिस असे नाव दिले. बोलीत त्याला पपफिश म्हणतात. या कुळातले नर मासे कुत्र्याच्या पिलांसारखे एकमेकांच्या मागे धावतात, म्हणून हे नाव. नराचा रंग चमकदार निळा, मादी पिवळट करडी. या कुळातील इतर माशांना पोटाखाली परांची एक जोडी असते, ती या माशाला नाही. आयुष्य साधारण वर्षभराचे. अंडी फार थोडी. म्हणजे एखादे वर्ष वाईट गेले तर मागच्या पिढीतले कोणी सांभाळायला शिल्लक राहत नाही. आपल्या घरात आजोबा गेले तरी वडील असतात, वडील गेले तरी काका असतात. या माशांच्या कुळात मात्र दरसाल सारे घर नव्याने उभे राहते.

आणि ते उभे राहते कुठे, हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सारी कथा इथे अडकलेली आहे. डोहाच्या एका टोकाला पाण्याखाली खडकाची एक सपाट पायरी आहे, नदीच्या घाटाची शेवटची बुडालेली पायरी असावी तशी. क्षेत्रफळ एखाद्या माजघराएवढे, आणि तिच्यावरचे पाणी हातभरही खोल नाही. तिथेच ऊन पोचते, तिथेच शेवाळ धरते, आणि तिथेच हे मासे चरतात व अंडी घालतात. बाकीचा डोह चारशे फूट खोल असला तरी तो त्यांच्या दृष्टीने अंधारी तळघर. त्यात ते ऐंशीएक फुटांपर्यंत फिरतात, पण संसार या पायरीवर. ज्ञात पृष्ठवंशी प्राण्यांत इतक्या लहान जागेवर सबंध जात अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण नाही असे तज्ज्ञ मानतात. आपण कूपमंडूक हा शब्द दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. पण विहिरीतल्या बेडकाला निदान काठावर उडी मारण्याची सोय आहे!

हे मासे तिथे आले कसे? हिमयुगात या मुलखात मोठमोठी सरोवरे होती. हवामान कोरडे होत गेले, सरोवरे आटली, आणि त्यांतील पपफिश निरनिराळ्या झऱ्यांत आणि डबक्यांत अडकून पडले. प्रत्येक ठिकाणची जात मग थोडी थोडी वेगळी होत गेली. डेव्हिल्स होलमध्ये ते केव्हापासून आहेत याविषयी पंडितांत चांगलेच भांडण आहे. जुना अंदाज दहा ते वीस हजार वर्षांचा. अलीकडे आनुवंशिक तपासणीवरून कोणी काही शतकांइतका थोडा, तर कोणी त्याच्या कित्येक पटींनी मोठा काळ सांगतात. ते भांडण त्यांच्यावर सोपवू. आपल्याला हवी ती गोष्ट एवढीच की ही जात या डोहात घडली.

1952 च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रूमन यांनी डेव्हिल्स होल आणि भोवतालची चाळीस एकर जमीन डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्रास जोडली. कार्ल हब्ज या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याकरिता पुष्कळ खटपट केली होती. घोषणेत या माशाचा उल्लेखही झाला. कुंपण घातले गेले, फलक लागला आणि सर्वांना वाटले की काम झाले.

पण कुंपण जमिनीवर असते, आणि पाणी जमिनीखाली. 1968 साली कॅपर्ट नावाच्या कुटुंबाने सुमारे अडीच मैलांवर विहिरी खोदून पंपांनी पाणी उपसण्यास आरंभ केला. त्यांची शेतवाडी बारा हजार एकरांची. त्यांतील चार हजार एकरांवर लसूणघास, गहू, सातू अशी पिके, सतराअठराशे गुरे, सत्तर लाख डॉलरांहून अधिक भांडवल आणि ऐंशीहून अधिक माणसांची पोटे. ही माणसे दुष्ट नव्हती. वाळवंटात शेत फुलवणाऱ्या माणसाचे आपण एरवी कौतुकच करतो. पण भूगर्भातील चुनखडकाच्या भेगा एकमेकींना जोडलेल्या आहेत. शेजाऱ्याने खोल बोअर घेतली की आपल्या आडाचे पाणी उतरते, हा अनुभव या सभागृहातही पुष्कळांना असेल. तिथेही तेच घडले.

भूशास्त्र खात्याने 1962 साली डोहाच्या भिंतीवर तांब्याची एक चकती ठोकून ठेवली होती. पाणी तिच्या किती खाली आहे हे मोजायचे. 1968 पूर्वी ते साधारण 1.2 फूट खाली असे. 1969 साली ते 2.3 फूट खाली गेले, 1970 साली 3.17, 1971 साली 3.48 आणि 1972 साली 3.93 फूट. चार वर्षांत सुमारे पावणेतीन फूट. चारशे फूट खोल डोहात पावणेतीन फुटांनी काय होते असे आपण म्हणाल. परंतु ती पायरी आठवा! पाणी चकतीच्या तीन फूट खाली गेले की पायरीचा वरचा भाग उघडा पडू लागतो. चारशे फुटांचा डोह जागच्या जागी होता. बुडत होते ते माजघर.

मग वादाला तोंड फुटले. मोटारींच्या मागे चिठ्ठ्या लागल्या. काहींवर ‘पपफिश वाचवा’ असे, तर काहींवर ‘पपफिश मारा’ असे. एका स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाने तर डोहात माशांचे विष ओतून वादाचे मूळच नाहीसे करण्याची भाषा केली. सरकारने दावा लावला, खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला, अपिले झाली, आणि 7 जून 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला. मुख्य न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी तो लिहिला.

त्या निकालातील युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. न्यायालयाने माशाच्या जिवाची किंमत आणि गव्हाची किंमत तागडीत घालून तोलली नाही. त्याने विचारले, 1952 साली सरकारने ही जमीन राखून ठेवली ती कशासाठी? या डोहासाठी आणि त्यातील माशासाठी. मग डोह राखायचा आणि पाणी राखायचे नाही याला अर्थ काय? जमीन राखताना तिचा हेतू साधण्यापुरते पाणीही राखले गेलेच, घोषणेत तसे शब्दशः लिहिलेले असो वा नसो. आणि ते पाणी कोणी ओढ्यातून वळवले काय किंवा जमिनीखालून उपसले काय, दोन्ही सारखेच. मात्र न्यायालयाने दुसरी बाजूही सोडली नाही. राखीव पाणी म्हणजे हवे तेवढे पाणी नव्हे, फक्त पायरी बुडालेली राहील एवढे. पंप साफ बंद करा असे त्याने म्हटले नाही. पाणी अमुक खुणेखाली जाऊ देऊ नका असे म्हटले. पुढे ती मर्यादा चकतीच्या 2.7 फूट खाली अशी ठरली. एका जातीचे भवितव्य आणि एका शेतवाडीचे हक्क यांच्यामध्ये कायद्याने काढलेली रेषा फुटाच्या दशांशात मोजता येते, हे मला विलक्षण वाटते.

त्याच काळात शेजारच्या कॅलिफोर्नियात या माशाच्या एका भावकीवर कसा प्रसंग आला तेही थोडक्यात सांगतो. ओवेन्स पपफिश नावाची जात तेव्हा एकाच दलदलीच्या डबक्यात उरली होती. 1969 च्या ऑगस्टमध्ये ते डबके आटू लागले. फिल पिस्टर नावाचा मत्स्यखात्यातला अधिकारी सहकाऱ्यांसह धावला. त्यांनी आठशेएक मासे पकडून जवळच्या पाण्यात ठेवले. इतर जण गेल्यावर पिस्टरला दिसले की तेही मरू लागले आहेत. त्याने उरलेले मासे दोन बादल्यांत घेतले आणि अंधारात, खाचखळग्यांतून, एकटा चालत दुसऱ्या पाण्यापर्यंत गेला. त्या वेळी त्याच्या दोन हातांत एक सबंध जात होती. ठेच लागली असती तर ती तिथेच संपती. या पिस्टरला लोक नेहमी विचारीत, पपफिशचा उपयोग काय? तो उलट विचारी, तुमचा उपयोग काय? उत्तर झणझणीत आहे, पण खरे सांगायचे तर त्याने विचारणारा गप्प बसतो, त्याचे समाधान होत नाही. मजुरी बुडालेल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला अधिक सबुरीचे उत्तर देणे प्राप्त आहे. ते उत्तर न्यायालयाच्या त्या 2.7 फुटांत मला दिसते.

आता कोणी शहाणा म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चार मासे उचलावे, दुसऱ्या हौदात सोडावे, आणि डोहाचे पाणी शेतकऱ्याला द्यावे. हा विचार अमेरिकेतल्या लोकांनाही सुचला होता आणि त्यांनी तो करून पाहिला. 1972 पासून हूवर धरणाच्या पायथ्याशी एक आश्रयकुंड बांधले, पुढे ॲश मेडोजमध्ये आणखी दोन. तिथे मासे जगले, वाढलेही. पण इतके वाढले की मूळ डोहातल्यांपेक्षा मोठे झाले आणि त्यांची ठेवणही बदलू लागली. एका कुंडात तर शेजारच्या झऱ्यातील दुसरी पपफिश जात शिरली आणि संकर होऊन शुद्ध बीजच उरले नाही. असे तिन्ही कुंडांचे प्रयोग निकालात निघाले.

याचे कारण काय, यावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग झाला आहे. त्याच भागातील आमरगोसा पपफिशची पिले शास्त्रज्ञांनी अधिक ऊन पाण्यात आणि कमी अन्नावर वाढवली. त्यांच्या शरीरातील कंठग्रंथीच्या रसाचे प्रमाण घटले, आणि काय आश्चर्य, त्यांतल्या कित्येकांना पोटाखालचे पर फुटलेच नाहीत! ती डेव्हिल्स होलच्या माशासारखी दिसू लागली. म्हणजे या माशाचे जे खास रूप आपण जातीचे लक्षण म्हणून पुस्तकात लिहितो, त्यातला काही भाग बीजाने दिलेला, तर काही उष्णतेने आणि उपासमारीने घडवलेला. डोहातून मासा काढला की तुमच्या हाती येतो तो थोडा निराळाच मासा. आंबा कोकणातून नेऊन देशावर लावला तर झाड लागते, पण खाणारा विचारतोच, हा तिकडचा आहे का?

डोहातले पाणी राखले गेल्यावर मासे सावरले. 1984 साली भोवतालची सुमारे 23 हजार एकर जमीनही वन्यजीवांसाठी राखली गेली. शेतवाडी विकली गेली होती आणि घेणारा तिथे तीसेक हजार भूखंडांचे नगर वसवू पाहत होता. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ती जमीन विकत घेऊन सरकारच्या हवाली केली, म्हणून ते टळले. सगळ्या झऱ्यांचे असे नशीब नव्हते. जवळच टेकोपा येथील उष्ण झरे स्नानगृहांसाठी वळवले गेले, आणि तिथली टेकोपा पपफिश 1982 साली अधिकृतपणे निर्वंश ठरली.

डेव्हिल्स होलमध्ये वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, माशांची शिरगणती होते. पाणबुडे खाली उतरून वर येत मोजतात, आणि पायरीवरचे मासे वरून फळ्यांवर ओणवे होऊन मोजले जातात. शरदात कधीकाळी पाचशेच्या घरात आकडा जाई. परंतु 1990 नंतरच्या दशकात तो घसरू लागला, पाण्याची पातळी ठीक असताना. कारण अद्याप पुरते उलगडलेले नाही. त्यात 2004 च्या सप्टेंबरमध्ये पावसाचा लोंढा आला आणि शास्त्रज्ञांनीच पिले मोजण्यासाठी काठावर ठेवलेले सापळे त्यात वाहून पाण्यात पडले. सुमारे ऐंशी मासे त्यांत अडकून मेले. 2006 च्या वसंतात मोजणी 38 वर आली, 2013 च्या वसंतात 35 वर. दुसरीकडे जनुकांची तपासणी सांगते की हे मासे एकमेकांचे इतके जवळचे आप्त झाले आहेत की एका माशाच्या जनुकसंचाचा सरासरी 58 टक्के भाग आईकडून आणि बापाकडून अगदी एकसारखाच आलेला असतो. अशा घराण्यात दोष दडून राहत नाहीत.

तेव्हा लोकांनी पुन्हा हौद बांधला, पण या वेळी धडा घेऊन. ॲश मेडोजमधल्या या नव्या हौदात सुमारे चार लाख लिटर पाणी आहे आणि डोहातल्या पायरीची हुबेहूब नक्कल आहे. फरक एवढाच की पाणी किंचित कमी ऊन आणि प्राणवायू किंचित जास्त, म्हणजे जीवन थोडे सुसह्य. डोहातून अंडी आणून इथे पिले वाढवली गेली. मौज अशी की अंड्यांबरोबर किंवा शेवाळाबरोबर एक बारीकसा पाणभुंगेरा हौदात आला आणि माशांची अंडी फस्त करू लागला. शत्रूदेखील नकलेत सामील झाला! आता रखवालदारांना तो भुंगेराही वेचावा लागतो.

माणसाचा त्रास निराळाच. 2016 च्या एप्रिलअखेरीस तिघे दारूच्या नशेत कुंपण ओलांडून आत घुसले. त्यांच्यातला एक त्या पायरीवरून पाण्यात उतरून डुंबला. ऐन विणीच्या दिवसांत. एक मासा मेलेला सापडला, आणि पाण्यात उतरलेल्या इसमाला वर्षाहून एक दिवस अधिक तुरुंगवास झाला. पुढे 2023 साली जवळच्या जमिनीत लिथियम शोधण्यासाठी भोके पाडण्याची एका कंपनीस मिळालेली परवानगी भूजलाच्या भीतीमुळे मागे घेतली गेली. लिथियम कशाला लागते हे आपल्या खिशातल्या दूरध्वनीस विचारावे.

या साऱ्या सायासाने 2024 च्या वसंतात मोजणी 191 वर गेली, पंचवीस वर्षांतील त्या ऋतूची सर्वांत मोठी. शरदात 212. लोक सुटकेचा निःश्वास टाकतात न टाकतात तोच डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि फेब्रुवारीत दुसरा. शेकडो मैलांवरच्या भूकंपाने हा डोह डचमळतो. थाळीतले पाणी थाळी हलवल्यावर काठावरून सांडते तसे इथले पाणी पायरीवरून मागेपुढे धावते आणि तिच्यावरचे शेवाळ, अंडी, किडे सारे खरवडून खोल अंधारात टाकते. एरवी निसर्ग असे करून पायरी साफच करतो, पुन्हा नवे शेवाळ धरते. पण हे झाले ते भर हिवाळ्यात, सूर्य डोहात पोचत नसताना. 2025 च्या वसंतातील मोजणीत 38 मासे भरले.

त्या वर्षी हौदात वाढलेले 19 मासे डोहात सोडण्यात आले आणि वरून थोडे अन्न घालण्याचेही ठरले. ज्या पायरीवर ते सोडले तिच्यावर आज पाणी आहे. 1968 पूर्वीच्या पातळीवर ते परत आलेले नाही, पण न्यायालयाने आखलेल्या रेषेच्या ते वर आहे. त्या खुणेपासून त्याचे मोजमाप अजून चालू आहे.